काकांचा वाटा

आमचे घरमालक पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले ते हातात काठी घेऊन आणि ती चालवायच्या तयारीनं. रविवारची दुपार होती. आत आम्ही चौघं सतरंजीवर गोल करून बसलो होतो, दार उघडं होतं आणि निखिल तावातावानं सांगत होता, "आधी त्या म्हाताऱ्याला संपवू. किल्ल्या त्याच्याच कमरेला आहेत."

घरमालकांना आम्ही काका म्हणायचो, आणि काकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. तिन्ही मजल्यांच्या किल्ल्या, गच्चीची, पंपाच्या खोलीची आणि शिवाय कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या पाच-सहा. जिन्यात त्यांनी निखिलचं वाक्य स्वच्छ ऐकलं होतं.

"कंच्या म्हाताऱ्याला?" त्यांनी विचारलं.

आमची जी काही ततपप झाली ती सोडून देते. शेवटी मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खेळ समजावून सांगितला. मी गोष्ट सांगणारी. बाकी तिघं त्या गोष्टीतली माणसं. प्रत्येकाच्या हातात एक कागद, त्यावर आपल्या माणसाची ताकद, अक्कल, चपळाई आकड्यांत लिहिलेली. मी म्हणायचं, समोर दरवाजा आहे, काय करणार? त्यांनी सांगायचं. जमलं की नाही ते हा वीस बाजूंचा फासा ठरवणार. मोठा आकडा पडला तर जमलं, एक पडला तर फजिती. आणि तो किल्ल्यांवाला म्हातारा गडाचा दरवान आहे, काका, तुमचा काही संबंध नाही.

काकांनी फासा हातात घेतला, उजेडाकडे धरून त्याच्या सगळ्या बाजू पाहिल्या. काठी भिंतीला टेकवली. हा माणूस आता आपल्याला खोली सोडायला सांगणार, असं माझ्या मनात चाललं होतं. ते म्हणाले, "मग यांच्यात दुबला कोन?"

असा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, आणि आम्ही स्वतःलाही विचारला नव्हता. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग निखिलची मामेबहीण प्रणाली हळूच म्हणाली, "मी असेन बहुतेक."

काका त्या दिवशी खेळ संपेपर्यंत उठले नाहीत.

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर ते म्हणतील काकूंचंही लिही, मग थोरल्या भावाचं, मग तिन्ही मजल्यांवरच्या भाडेकरूंचं. एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, हे त्यांना चालत नाही.

नवीन पनवेलचे सेक्टर जिथं संपतात आणि जुनं गावठाण सुरू होतं, तिथं त्यांची तीन मजली इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर मी आणि शबाना राहत होतो. मी बेलापूरला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचे, शबाना पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. निखिल माझ्या ऑफिसातला. प्रणाली नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दिवसाला साधारण वीस शब्द बोलायची. काकांची साठी उलटलेली. तळोज्याच्या एका कारखान्यात टाइमऑफिसात, कामगारांची हजेरी मांडण्यात, त्यांची सगळी नोकरी झाली होती. डावा पाय लहानपणापासून बारीक. चालताना डावा खांदा आधी पुढे जायचा आणि बाकीचे काका मागून यायचे.

सकाळी सहाला ते खाली पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवत बसलेले असायचे. खालच्या मजल्याला चाळीस मिनिटं, मधल्याला पन्नास, आम्हाला पासष्ट. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा भांडण काढलं, की वरच्या मुलींचे एवढे लाड का? काका उठले. एक बादली आणि हातातलं घड्याळ घेऊन बाईंना आधी त्यांच्या नळाखाली, मग वर आमच्या नळाखाली घेऊन गेले. दोन्हीकडे बादली भरायला लागलेला वेळ दाखवला. म्हणाले, "पानी वर चढतं तवा थकतं. येल सारका दिला तर पानी सारकं नाय मिलत." बाई धापा टाकत खाली उतरल्या. भांडण तिथंच मिटलं, कारण जिने चढून त्यांचाही जीव थकला होता.

तर असा माणूस आमच्या खेळात येऊन बसला. खेळायचा नाही. खुर्चीत बसून फक्त बघायचा. प्रणालीचा धनुर्धारी होता, शबानाची तलवारवाली आणि निखिलचा मांत्रिक. दोन रविवार त्यांनी पाहिलं, की दार दिसलं की मांत्रिक ते मंत्रानं उघडतो, शत्रू दिसला की जाळून टाकतो, दरी आली की उडून जातो. शबाना तलवार उपसेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. प्रणाली तर मोबाईल बघत बसायची.

"या पोराचा वाटा मोटा झालाय," काकांनी निकाल दिला.

निखिलला नियम पाठ. तो म्हणाला, "काका, सगळ्यांना तीस-तीसच गुण मिळालेत. मोजून बघा."

"मोजून काय बगू? तुमी नेऱ्याला चला."

नेरे ही काकूंची माहेरची बाजू. तिथं देवीची जत्रा होती आणि त्या दुपारी बोकडाचे वाटे पडणार होते. काका दरवर्षी वाटे घालायला खास बोलावले जात, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. आंब्याखाली पळसाची पानं ओळीनं मांडलेली, घरटी एक. काका खाली बसले, बारीक पाय एका बाजूला पसरून. चाप, फरा, चरबी, हाड, काळीज, असं करत प्रत्येक पानावर थोडं थोडं टाकत गेले. मग ओळीच्या एका टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघायचे, या पानावरचा तुकडा त्या पानावर, त्यावरचा याच्यावर. तराजू नव्हता. निखिलनं मोबाईलवर फोटो काढून मला दाखवला, "हे बघ, हा ढीग सरळसरळ लहान आहे."

त्यानं ते काकांना विचारलंच. काका म्हणाले, "त्यात कालीज जास्त हाय. ते त्या म्हातारीचं पान. तिला दात नाय. हाड देऊन काय करशील, तिच्या डोक्यात मारशील?"

मग घरोघरची माणसं आली आणि एकेक पान उचलून गेली. सगळ्यांत शेवटी जे उरलं ते काकांनी उचललं. तिथली रीतच तशी होती, वाटे घालणाऱ्यानं शेवटी उचलायचं. परतताना गाडीत शबाना म्हणाली, "चाचा, तुम्हाला नेहमी उरलेलंच मिळतं मग."

काका हसले. "म्हनून तर सगले सारके घालतो. कंचा राहील ते मला कुटं ठावं असतं?"

पुढच्याच रविवारी त्यांनी ही रीत आमच्या सतरंजीवर आणली. तिन्ही पात्रांचे कागद फाडायला लावले. नवी तिन्ही पात्रं निखिलनं एकट्यानं बनवायची, कारण नियम त्याला जास्त माहीत, आणि निवडताना प्रणाली आधी, मग शबाना, निखिल शेवटी.

निखिल आठ दिवस ऑफिसात नीट जेवला नाही. डबा उघडून समोर ठेवायचा आणि रुमालावर आकडे लिहायचा. मांत्रिकाची ताकद जरा कमी केली की मनात यायचं, हाच आपल्या वाट्याला आला तर? वाढवली की यायचं, आणि नाही आला तर? शेवटी तीन कागद घेऊन आला, ते असे, की मी आणि शबाना तासभर बघत बसलो तरी कुठला बरा ते सांगता येईना. प्रणालीनं मांत्रिक उचलला. शबानानं एक चोरटी. निखिलला उरला एक तांडेल, होडी हाकणारा, हातात वल्हं.

आम्हाला वाटलं, सुटला प्रश्न. काकांनी खिशातून चिंचोक्यांचा डबा काढला.

प्रत्येकापुढे एक वाटी ठेवली. कोणी असं काही बोललं किंवा केलं, की बाकीच्या सगळ्यांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, की काका त्या वाटीत एक चिंचोका टाकायचे. टक्. संध्याकाळी मोजले. वल्हेवाल्या निखिलच्या वाटीत एकोणीस, शबानाच्या अकरा आणि जो मांत्रिक आधी सगळं एकटा आटोपायचा तो जिच्या हातात होता त्या प्रणालीच्या वाटीत दोन.

दुसरा एखादा माणूस हिरमुसला असता. काकांचा चेहरा नवा सायकलपंप मिळालेल्या पोरासारखा झाला. "अरेच्चा!" त्यांनी ते दोन चिंचोके तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिले. "मंजे ताकद कागदावर नाय. कुटं हाय मग?"

हे "कुटं हाय मग" पुढं आठवडाभर चाललं. व्हॉल्व्ह फिरवताना, भाजी आणताना, जिन्यात मी भेटले की. एकदा मी ऑफिसातून दमून येत होते तर खालच्या कट्ट्यावरून हाक मारून म्हणाले, "निख्याला मुका केला तर?" मी म्हटलं, काका, मी आधी जेवू का? तर म्हणाले, जेव, पन इचार कर. खरं सांगायचं तर मलाही तोवर त्याची चटक लागली होती. नकाशा काढताना माझं लक्ष उडायचं आणि मी कागदाच्या कडेला दोन, अकरा, एकोणीस लिहीत बसायचे.

शुक्रवारी ते वर आले. माणसांना हात लावायचा नाही, जागा बदलायची, असं त्यांचं ठरलं होतं. "तुज्या गोष्टीत खाडी हाय ना? खारफुटीतून होडी न्यायची. पन तितं आवाज चालत नाय. जो बोलंल त्याच्यावर कायतरी येतंय पान्यातून. खेलनाऱ्यानं पन बोलायचं नाय, कागदावर लिवून दाकवायचं."

मी तो प्रसंग जसाच्या तसा घातला. निखिल पंचेचाळीस सेकंदात "अरे पण" म्हणाला आणि पाण्याखाली गेला. शबानाला हसू आवरेना म्हणून तीही गेली. प्रणाली मात्र तास-दीड तास एक अक्षर न बोलता चिठ्ठ्या लिहीत राहिली. लहान, नेमक्या, एकाखाली एक. वल्ह्याला कापड गुंडाळते. भरतीची वाट बघते. दोघांना वर ओढते, आधी तोंड बांधून. आम्ही एकमेकांच्या खांद्यावरून वाकून तिचं अक्षर वाचत होतो. ती सदा अशीच शांत असायची आणि आम्ही तिला कंटाळवाणी समजत होतो, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

चिंचोके मोजायची गरजच नव्हती. काकांनी तरी मोजले. मग डबा बंद करून म्हणाले, "चला, आज कोनी उपाशी नाय गेला."

असं वर्षभर चाललं. ते दर रविवारी येत आणि दर रविवारी बघत. शबानानं कितीदा म्हटलं, चाचा, एक दिन खेळा तरी. ते हात हलवायचे. "मी बगनारा." त्यांना सगळे नियम पाठ झाले होते, निखिलच्या चुका ते काढायचे, आणि फासा हातात घ्यायला मात्र तयार नसायचे. ज्या माणसाला या खेळाचा एवढा ध्यास, तो स्वतः का खेळत नाही, याचं मला इतकं कुतूहल वाटायला लागलं, की एका सकाळी मी काकूंनाच विचारलं.

काकू बोंबील साफ करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खेलले ना. ल्हानपनी रोज खेलायचे. कच्चा लिंबू म्हनून."

लहान किंवा अधू पोराला खेळात घ्यायचं, पण मोजायचं नाही, तो कच्चा लिंबू. तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. कबड्डीत शिवला तरी आऊट होत नाही. काकूंनी सांगितलं, की थोरल्या भावानं सगळ्या पोरांना दम भरला होता, याला घ्यायचं आणि याला आऊट करायचं नाही. भावाचा जीव होता त्यांच्यावर. सगळे आऊट होऊन मैदानाच्या कडेला बसायचे, दंगा करायचे, करवंदं खायचे, आणि हे एकटे आत उभे. यांना कोणी बाहेर काढेना आणि आत यांच्यासाठी खेळ उरलेला नसे.

"भांडायचं नाही का भावाशी?"

"कसं भांडनार? त्यानं काय वाईट केलं का? मायेनंच केलं ना." काकूंनी बोंबलाचं डोकं उडवलं. "लगीन झाल्यावर मला एकदाच बोल्ले. परत नाय."

हे ऐकून मी शहाण्यासारखी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. मी ते तिघांना सांगितलं, आणि आम्ही ठरवलं, की काकांना खेळायला लावायचंच. चौघं मागे लागलो. तीन रविवार ते नाही म्हणाले, चौथ्या रविवारी काठी भिंतीला टेकवून खुर्चीतून सतरंजीवर उतरले. बारीक पाय एका बाजूला पसरला, तसाच, जसा नेऱ्याला पानांसमोर पसरला होता. एवढ्या वर्षांनी हा माणूस खेळायला बसतोय, हे एकच माझ्या डोक्यात होतं, आणि त्याला आज काही होता कामा नये.

गोष्ट सांगणाऱ्याकडे एक पुठ्ठ्याचा आडोसा असतो. शत्रूंचे फासे मी त्याच्यामागे टाकते, कोणाला दिसत नाहीत. गडाच्या पायथ्याशी पहारेकऱ्यांनी हल्ला केला. पहिला वार काकांवर, फाशावर सतरा. मी म्हटलं, "हुकला." दुसरा, अठरा. "हुकला." निखिलला दोनदा लागलं, शबानाला एकदा. काकांवर पाचवा वार आला. मी म्हटलं, "काय नशीब आहे काका, हुकला."

काकांनी नेहमीप्रमाणे चिंचोके लावले होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रत्येक वाराला एक. त्यांनी ते बोटानं सरकवून मोजले. तीस वर्षं टाइमऑफिसात बसलेला माणूस. मग त्यांनी हात लांब करून माझा आडोसा उचलला.

"ह्यो किती?"

"एकोणीस."

"मग हुकला कसा?"

काकांनी आडोसा होता तसा परत ठेवला, कडा जुळवून. रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "तू पन मला कच्चा लिंबूच केलंस," ते म्हणाले, भिंतीला धरून उठले आणि काठी घेऊन खाली गेले. जिन्यात काठीचा एकेक ठोका ऐकू येत होता. चिंचोक्यांचा डबा सतरंजीवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सहाला मी व्हॉल्व्हपाशी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे ग पोरी. मायेनंच केलंस." एवढं बोलून घड्याळाकडे बघायला लागले. आमचं पाणी त्या दिवशीही पासष्ट मिनिटं आलं. मी नळाखाली बादली लावून रडले, हे शबानालाही माहीत नाही.

त्यानंतर चार रविवार ते आले नाहीत. आम्ही खेळायचो, पण खुर्ची रिकामी होती आणि प्रत्येकाची नजर तिकडे जायची. निखिल म्हणाला, भेटवस्तू देऊ. शबाना म्हणाली, चाचांना बिर्याणी नेऊ. मला तर त्यांच्यासमोर उभं राहायचाच धीर नव्हता. पाचव्या रविवारी प्रणाली आली ती हातात केळीची चार पानं घेऊन. आम्हाला काही न सांगता खाली गेली. आम्ही तिघं मागोमाग.

काका कट्ट्यावर पेपर वाचत होते. प्रणालीनं त्यांच्यासमोर चार पानं मांडली आणि प्रत्येकावर एक कागद ठेवला. चार पात्रं, प्रत्येकाचे आकडे आणि सामान.

"मी वाटे घातलेत," ती म्हणाली. "मी शेवटी उचलणार. आणि फासा परातीत पडेल, सगळ्यांसमोर. या ताईचा पुठ्ठा आता बंद." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मरेल तो मरेल."

तिच्या तोंडून एका दमात एवढं मी कधी ऐकलं नव्हतं. काकांनी पेपर बाजूला ठेवला. एकेक कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला. ओळीच्या टोकाला जाऊन डोळे बारीक केले. पाव तास गेला. मग बोट ठेवलं. "या वाटाड्याकडं दोर कशाला? डोंगर चडता येतो त्याला, वर दोर पन. वाटा जड झालाय." आणि पेन घेऊन त्यांनी वाटाड्याच्या कागदावरचा दोर खोडून दुसऱ्या एका कागदावर लिहिला.

"आता बरोबर," ते म्हणाले. "पन आता हात मी लावला. मंजे शेवटी मी उचलनार. घ्या तुमी."

निखिलनं उचललं, शबानानं उचललं, प्रणालीनं उचललं. उरला वाटाड्या. काकांनी तो घेतला, डावा खांदा पुढे टाकून जिना चढायला लागले, आणि आम्ही त्यांच्या मागून.

काकूंची पितळी परात मध्ये ठेवली. माझ्यासमोर काही आडोसा नव्हता, मला अंगावर कपडे कमी असल्यासारखं झालं होतं. गडाच्या पाठीमागचा कडा होता. वाटाड्या सगळ्यांच्या पुढे, त्याचं कामच ते. तो चढला, मागच्यांना वाट दाखवली, आणखी चढला. काका अगदी रंगात आले होते. "थांबा, इतं पाय नका ठेवू, दगड हलतोय." मग शेवटचा उभा टप्पा. मी म्हटलं, "काका, फासा टाका. दोर असता तर दोनदा टाकायला मिळाला असता."

त्यांनी टाकला. परातीत तो बराच वेळ वाजत फिरला आणि थांबला.

एक.

माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं. कड्यात एक झाडाचं मूळ होतं, असं नुसतं म्हणायचं. मूळ असायला काय हरकत होती? गोष्ट तर माझीच होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाट बघत राहिले, आणि मला वाटतं, मैदानात एकट्या उरलेल्या त्या पोराइतकंच घाबरून.

"हात सुटला," मी म्हटलं. "खाली दरी आहे. काका, तुम्ही मेलात. आऊट."

काकांनी परातीतल्या त्या एकाकडे बघितलं, मग आपल्या कागदावरच्या खोडलेल्या दोराकडे. "दोर मीच काडला," ते पुटपुटले. आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, पोटातून, ठसका लागेपर्यंत. ते उठले. काठी न घेता, भिंतीला धरत, सतरंजीच्या बाहेर गेले आणि दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले, मैदानाच्या कडेला आऊट झालेली पोरं बसतात तसे. तिथूनच जिन्यात वाकून ओरडले, "आगो! मी आऊट झालो!"

थोड्या वेळानं पायऱ्यांवर पावलं वाजली. वर्षभरात काकू कधी तिसऱ्या मजल्यावर आल्या नव्हत्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, ओले हात पदराला पुसत, आणि नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरंच आऊट? का तुमी आपलं पुन्यांदा..."

"खरंच, काकू. परातीत बघा."

त्या आत आल्या, वाकल्या आणि तो फासा हात न लावता नीट निरखून बघितला. मग वळून काकांच्या शेजारी उंबऱ्यावर टेकल्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

"व्हय ना?" काका म्हणाले. मग आमच्याकडे बघून ओरडले, "तुमी काय थांबलाय? खेला की! मेलेल्याची काय वाट बगता?"